पक्षनेतेपदाच्या निवडणुकीवर पैजा घेणारे अ‍ॅप : एक परीक्षण

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ज्या परदेशी अ‍ॅपची शिफारस फिरते आहे, त्यातील ब्रिटिश पक्षनेतेपदाचा विभाग मी पैसे न लावता बारकाईने पाहिला. मांडणी स्वच्छ आहे आणि भाव, म्हणजे कोणत्या उमेदवारावर किती पैज लागते त्याचे दर, सहज वाचता येतात. मात्र हे भाव म्हणजे जणू खात्रीचे भाकीत असल्याचा जो आव आणला जातो, तो मला अजिबात मान्य नाही.

हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या अशा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्यात मतदार मोजके खासदार असतात, मतदान गुप्त असते आणि दोन-चार मतांनी चित्र पालटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या पक्षाच्या तिसऱ्या फेरीत जेम्स क्लेव्हर्ली ३९ मते मिळवून पहिले आले आणि सट्टेबाजांचे लाडके ठरले. दुसऱ्याच दिवशी केमी बेडनॉक यांना ४२, रॉबर्ट जेनरिक यांना ४१ आणि क्लेव्हर्ली यांना ३७ मते पडून क्लेव्हर्ली बाद झाले. मजूर (लेबर) पक्षात २०१५ साली जेरेमी कॉर्बिन यांना सुरुवातीला कोणी विचारतही नव्हते, तरी पक्षाच्या सदस्य-समर्थकांच्या मतदानात ते पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. हा इतिहास अ‍ॅपमध्ये कुठेही दिलेला नाही, ही मला गंभीर उणीव वाटते.

शिवाय पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे, त्यामुळे रक्कम अडकली तर ठाणे शहरात बसून दाद मागणे कठीण. ठाणे-नवी मुंबईतील वाचकांनी हे अ‍ॅप घेऊ नये.