सँडी डेनी: सुरुवात 'नॉर्थ स्टार'ने करावी की 'सँडी'ने?

लेड झेपलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमवर त्यांचा गायक रॉबर्ट प्लँट याच्यासोबत गाणारी ती बाई कोण, हे शोधता शोधता बरेच जण सँडी डेनी या इंग्लिश फोक-रॉक गायिकेपाशी पोचतात. झेपलिनच्या स्टुडिओ-अल्बमांवर पाहुणी म्हणून गायलेली ती एकटीच. मग ती ज्यात गायची त्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा 'लीज अँड लीफ' हा अल्बम ऐकून होतो. 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' जूडी कॉलिन्सच्या आवाजात आधीच कानावर पडलेलं असतं, ते हिनेच लिहिलंय हे कळतं. इथवर रस्ता सरळ आहे. पुढे तिच्या एकटीच्या नावावरचे चार अल्बम समोर येतात आणि गाडी अडते.

चारांतल्या शेवटच्या दोघांवर नंतर येतो. खरी निवड आहे ती सप्टेंबर १९७१ मध्ये आलेला 'द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स' आणि वर्षभराने आलेला 'सँडी' यांच्यात. नुसतं ऐकायचं तर दोन्ही फोनवर मिळतात, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. मी लिहितोय ते एलपी विकत घेणाऱ्यासाठी. बाहेरून मागवलेल्या रेकॉर्डला टपालखर्च आणि कस्टम धरून जे पडतं, त्यात दोन्ही एका दमात घेणं माझ्यासारख्याला तरी परवडलं नाही. एक आधी घ्यावी लागली, दुसरी बऱ्याच काळाने आली. आता दोन्ही घरात आहेत आणि एकीच्या कव्हरच्या कडा दुसरीपेक्षा बऱ्याच जास्त झिजल्यात.

जाणकारांना विचाराल तर कौल बहुधा 'नॉर्थ स्टार'ला मिळेल, आणि तो चुकीचा आहे असं म्हणण्याची माझी छाती नाही. पहिली बाजू सुरू होते 'लेट नोव्हेंबर'ने. हे गाणं तिच्या फॉदरिंगे या जेमतेम वर्षभर टिकलेल्या बँडच्या दिवसांतलं. चाल कुठे वळणार याचा अंदाज पहिल्या दहा वेळा तरी लागत नाही, आणि अकराव्यांदा ती अशीच असायला हवी होती असं वाटू लागतं. त्यामागून येतं 'ब्लॅकवॉटरसाइड', ॲन ब्रिग्ज या गायिकेकडून गिटारवादक बर्ट जान्शकडे आणि तिथून सगळ्या लंडनच्या फोक क्लबांत पसरलेलं आयरिश लोकगीत. इतक्यांनी गायलेलं गाणं उचलायचं म्हणजे धाडसच. ही ते घाई न करता गाते, शब्द संपल्यावरही सूर थोडा वेळ धरून ठेवते. फेअरपोर्टमधला तिचा जुना साथी रिचर्ड थॉम्पसन, त्याची गिटार तिच्या मागून चालते, पण कधीही नुसती साथ करत नाही; मध्येच वाकडं काहीतरी बोलून जाते.

गाण्यांचे शब्द मात्र सहज हाती लागत नाहीत. समुद्र, जहाजं, कावळे, बंदूक घेतलेला जॉन, सगळं धुक्यात. दुसऱ्या बाजूवरचं 'नेक्स्ट टाइम अराउंड' घ्या. हे तिच्या जुन्या प्रियकरावर, जॅक्सन सी. फ्रँक या अमेरिकन गायकावर लिहिलेलं आहे. नाव कुठेच नाही, पण बालगीतात घर बांधणारा जो जॅक आहे त्याच्या हुशार मुलाचं पुढे काय झालं असं ती विचारते, आणि जॅकचा मुलगा म्हणजे जॅक-सन हे आपल्या डोक्यात फार उशिरा पेटतं. स्वतःचं दुःख सांगायचं, पण कोड्यात घालून. ज्यांना असं उलगडत बसायला आवडतं त्यांना 'नॉर्थ स्टार' वर्षानुवर्षं पुरेल.

मग अडचण कुठे आहे? दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात.

'नेक्स्ट टाइम अराउंड' झालं, त्यामागून 'द ऑप्टिमिस्ट' झालं, खोलीत एक विशिष्ट शांतता जमलेली आहे, आणि अचानक सुरू होतं 'लेट्स जंप द ब्रूमस्टिक'. ब्रेंडा लीने गाजवलेलं रॉक अँड रोल. मारवा रंगात आलेला असताना तबलजीने वरातीतला ठेका धरावा, तसं. गाणं वाईट आहे असं नाही. ब्रेंडा लीच्या तोंडी मला ते आवडतं. बँडही मजेत वाजवतोय, ते ऐकू येतं. पण सँडी डेनीची सगळी जादू एका गोष्टीत आहे: एकाच ओळीत ती कुजबुजीपासून पूर्ण आवाजापर्यंत कधी पोचली ते आपल्याला कळत नाही. या गाण्यात तसं चढायला जागाच नाही. पहिल्या शब्दापासून जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सँडी डेनी म्हणजे कुणीही चांगली गायिका.

फोनवर ऐकणारा म्हणेल, पुढे ढकला की. एलपीवर त्यासाठी उठावं लागतं, सुई उचलावी लागते, 'रेचेड विल्बर'च्या आधीच्या त्या बारीक रेघेवर ती नेमकी टेकवावी लागते. माझा हात तेवढा स्थिर नाही. कधी गाण्याचे पहिले सूर जातात, कधी ब्रूमस्टिकची शेपटी ऐकावी लागते. शेवटी मी दुसरी बाजू लावणंच कमी केलं, आणि अल्बमचं शीर्षकगीत नेमकं त्याच बाजूवर आहे. एका तीनेक मिनिटांच्या गाण्याने अर्धी रेकॉर्ड खाल्ली. हे मोजमाप नाही, निव्वळ माझ्या घरातली गोष्ट आहे. तुम्हाला कदाचित तो मोकळा श्वास हवासाही वाटेल. एका मित्राला तसंच वाटतं, आणि त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

या गाण्याची मला एवढी चीड का यावी याचा विचार केला तेव्हा पुढच्या वर्षातली एक गोष्ट आठवली. १९७२ मध्ये याच मंडळींनी, म्हणजे सँडी, थॉम्पसन, लिंडा पीटर्स, ट्रेव्हर लुकस वगैरेंनी, 'द बंच' या नावाखाली ऑक्सफर्डशायरमधल्या मॅनर स्टुडिओत जुन्या रॉक अँड रोल गाण्यांचा एक अख्खा अल्बम केला, 'रॉक ऑन'. त्यात सँडी आणि लिंडाने मिळून गायलेलं 'व्हेन विल आय बी लव्ह्ड' झकास आहे. हौस तिथे भागली. त्या हौसेला स्वतःचं घर मिळालं आणि त्याच वर्षी आलेल्या 'सँडी'वर तिची लुडबुड नाही. हे माझं अनुमान, पण दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावून पाहा.

'सँडी'वर परकी गाणी दोनच. एक डिलनचं 'टुमॉरो इज अ लाँग टाइम', जे ती जवळजवळ स्वतःचं असल्यासारखं गाते. दुसरं 'क्वाएट जॉइज ऑफ ब्रदरहुड': शब्द रिचर्ड फरीन्याचे, चाल 'माय लॅगन लव्ह' या आयरिश गीताची. इथे वाद्यं जवळपास नाहीतच. तिने आपलाच आवाज थरावर थर चढवून रेकॉर्ड केलाय, बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगानाच्या धर्तीवर, आणि शेवटी डेव्ह स्वॉरब्रिकचं व्हायोलिन एकटं उरतं. हे ऐकताना आमच्या घरात कुणी बोलत नाही. बाकी माझ्या आवडीनिवडीला घरात फारसा मान नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उरलेली सगळी गाणी तिची स्वतःची, आणि इथे ती कोडी घालत नाही. 'इट सूट्स मी वेल'मध्ये एक भटक्या, एक खलाशी आणि एक सर्कशीतला माणूस आपापल्या जगण्याबद्दल बोलतात. कुणाची कीव नाही, कुणाचा गौरव नाही. 'बुशेस अँड ब्रायर्स' हे नाव जुन्या लोकगीताचं. इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्सने १९०३ मध्ये एसेक्समधल्या एका म्हाताऱ्याकडून ऐकून उतरवून घेतलेलं ते पहिलं गाणं. सँडीने फक्त नाव घेतलं. तिच्या गाण्यात रविवारची सकाळ आहे, थंडी आहे आणि पाद्रीखेरीज कुणीच नसलेलं चर्च आहे. 'लिसन, लिसन' या तिघांतलं सर्वांत गोड. ते सिंगल म्हणून काढलं होतं, रेडिओवर वाजलंही, पण चाललं नाही. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं जिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका ठरवलं, तिची रेकॉर्ड दुकानात पडून राहते, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

'सँडी' निर्दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. 'फॉर नोबडी टू हिअर'वर ॲलन टूसाँने लावलेले ब्रास आहेत, थेट न्यू ऑर्लिन्सचा बाज. माझ्या कानाला ते अजूनही पाहुण्यासारखे वाटतात. पहिल्याच गाण्यात स्नीकी पीट क्लाइनोची पेडल स्टील गिटार ऐकून एखाद्याला आपण चुकून अमेरिकन कंट्रीची रेकॉर्ड लावली की काय असं वाटेल. निर्माता ट्रेव्हर लुकस, तिचा होणारा नवरा, आणि त्याला ती विकली जावी असं वाटत होतं हे लपत नाही. कव्हरवर डेव्हिड बेलीने काढलेला देखणा फोटो आहे. 'नॉर्थ स्टार'च्या कव्हरवर हीच बाई जुन्या औषधी दुकानात बसून बिया तोलत होती. तो फोटो मला जास्त आवडतो, हे कबूल. तरी ब्रास काय, स्टील गिटार काय, ती सगळी तिच्या आवाजाभोवती आहेत. तिला तिची चाल सोडून दुसऱ्याच्या चालीने पळावं लागत नाही. म्हणून इथे सुई उचलावीशी वाटत नाही.

राहता राहिला तंतुवाद्यांचा मुद्दा, कारण फोकवाल्यांची पहिली तक्रार तीच असते. दोन्ही अल्बमांवर स्ट्रिंग्ज आहेत आणि दोन्हीकडे हॅरी रॉबिन्सनचं नाव आहे. हा गमतीशीर माणूस. १९५८ मध्ये 'हूट्स मॉन' या धमाल गाण्याने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला बँड याचाच, हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या रक्तपिपासू भयपटांना संगीत देणारा हाच, आणि गायक निक ड्रेकच्या 'रिव्हर मॅन' या गाण्यामागे जे व्हायोलिनचं धुकं आहे तेही याचंच. 'सँडी'वरच्या 'द लेडी'त तो पियानोच्या मागून हळूच येतो आणि गाणं उचलून धरतो. 'द म्युझिक वीव्हर'मध्येही तेच. प्रमाण सुटलं ते पुढे, तिसऱ्या अल्बमवर, म्हणजे 'लाइक ॲन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ'वर. तिथे साखर जास्त झाली आणि शिवाय 'व्हिस्परिंग ग्रास'सारखी जुनी गाणी आली. चौथ्या, 'रॉन्देव्हू'वर तर एल्टन जॉनचं 'कँडल इन द विंड' आहे. म्हणजे ब्रूमस्टिकचा रोग पुन्हा उलटला, रूप बदलून. या दोघांपासून सुरुवात नको, ती यासाठी.

आता तुम्ही कोण आहात त्यावर ठरवा. फेअरपोर्ट आणि थॉम्पसनच्या वाटेने आला असाल, गिटारकडे कान असेल, शब्द लगेच कळलेच पाहिजेत असा हट्ट नसेल, तर 'नॉर्थ स्टार' घ्या. एलपीऐवजी सीडी घेणार असाल तर माझी तक्रार निम्मी बाद होते, मग तर घ्याच. पण तुम्हाला त्या आवाजाने ओढलं असेल, संध्याकाळी रेकॉर्ड लावून दोन्ही बाजू सलग ऐकायच्या असतील आणि घरात फोक न ऐकणारी माणसंही असतील, तर मी 'सँडी'कडेच बोट दाखवीन. २००५ च्या सीडी आवृत्तीत 'लिसन, लिसन'चं तिने फ्रेंचमध्ये गायलेलं रूपही आहे. त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं काही नाही, पण मिळालं तर ऐका.

दुसरी रेकॉर्ड घ्यायची वेळ आली की 'नॉर्थ स्टार' घ्यावीच लागेल, त्यातून सुटका नाही. तिसरी म्हणून 'वॉल्ट्झ' चालेल, तीही मुख्यतः पहिल्या 'सोलो' या गाण्यासाठी. ते मात्र पूर्ण तिचं आहे, आणि सुदैवाने पहिलंच असल्यामुळे सुई कुठे ठेवायची हा प्रश्न येत नाही.