केबल ट्रेचं वळण: तयार बेंड की जागेवर कापलेलं?

कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये केबल ट्रे (केबल टाकायची पत्र्याची पन्हळ) कोपऱ्यात वळवायचा असला की आपल्याकडचे बरेच वायरमन सरळ ट्रेलाच ग्राइंडर लावतात. पैसे वाचतात, नागपूरहून बेंड, म्हणजे गोलाईचा तयार तुकडा, यायची वाट पाहावी लागत नाही. पण वळण काटकोनी होतं, आणि खरी अडचण तिथंच आहे. आर्मर्ड (आत लोखंडी तारांचं किंवा पट्टीचं कवच असलेल्या) केबलला वळताना साधारण व्यासाच्या १२ पट त्रिज्या लागते. ४० मिमी जाडीच्या केबलला ४८० मिमी. तिथं ६०० मिमी त्रिज्येचा तयार बेंडच हवा. शिवाय कापलेल्या कडेला जस्ताचा लेप उरत नाही, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. धार राहिली तर केबलचं आवरण सोलून निघतं.

बारीक कंट्रोल केबलला (यंत्रं चालू-बंद करायचे सिग्नल नेणारी) कापलेलं वळण चालेल. कड घासून झिंक पेंट मात्र माराच. अर्थिंगची पट्टी दोन्हीकडे सांध्यावर हवी. मेन केबलला मी तयार बेंडच मागवतो, काम लांबलं तरी.