सिमों हांताई यांच्या दोन चित्रांच्या छापील प्रती : एक घेण्याजोगी, एक टाळण्याजोगी

पॅरिसचे पॉम्पिदू सेंटर हे आधुनिक कलेचे संग्रहालय सप्टेंबर 2025 मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाले असून ते 2030 मध्ये पुन्हा उघडणार आहे. तेथील संग्रहातल्या ज्या चित्रांना त्यांच्या आकारामुळे फारसा प्रवास झेपत नाही, ती पाहायची तर एवढ्यात छापील प्रतींवरच भागवावे लागेल, हा विचार करून मी सिमों हांताई या हंगेरीत जन्मलेल्या फ्रेंच चित्रकाराच्या दोन चित्रांच्या प्रती मागवल्या. पहिली 1958-59 मधल्या ‘एक्रित्युर रोझ’ या चित्राची, म्हणजे ‘गुलाबी लेखना’ची, आणि दुसरी 1970 च्या दशकातल्या ‘टॅब्युला’ मालिकेतल्या एका निळ्या चित्राची. दोन्ही प्रती एकाच विक्रेत्याकडच्या, सारख्याच जाड, चमक नसलेल्या सुती कागदावर पिगमेंट शाईने छापलेल्या आणि छपाईपुरते पाहिले तर सारख्याच नेटक्या आहेत. तरीही त्यांतली एक मी आनंदाने भिंतीवर लावली आणि दुसरी गुंडाळून ठेवली. या फरकाचे कारण छापखान्यात शोधून सापडणार नाही. ते ही चित्रे ज्या रीतीने घडली त्या रीतीत आहे, आणि म्हणून या परीक्षणात चित्रकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

प्रतींसोबत आलेल्या पत्रकावर त्यासाठी विसंबून चालणार नाही. त्यात हांताई ‘जन्माने पॅरिसवासी’ आहेत आणि ते ‘डोळे मिटून’ चित्रे काढत असत, अशी दोन्ही विधाने बिनदिक्कत केलेली आहेत. हांताई यांचा जन्म 1922 मध्ये बुडापेस्टजवळच्या बिआ या गावातला. बुडापेस्टच्या कलाशाळेत शिकून ते 1948 मध्ये पत्नी झुझा यांच्यासह इटलीमार्गे पॅरिसला आले, तिथेच राहिले आणि पुढे फ्रेंच नागरिक झाले. वाटेत राव्हेन्ना येथे पाहिलेली मोझेइक चित्रे त्यांच्या मनात इतकी रुतून बसली, की दहा वर्षांनंतरच्या एका मोठ्या चित्राला त्यांनी तिथल्या गाला प्लासिदिया या रोमन सम्राज्ञीच्या समाधिमंदिरावरून नाव दिले. 1952 च्या अखेरीस त्यांनी आपले एक चित्र काही न सांगता अतिवास्तववादी चळवळीचे म्होरके आंद्रे ब्रतों यांच्या दाराशी ठेवले. ब्रतों यांनी ते उचलून धरले आणि पुढच्याच महिन्यात, स्वतः प्रस्तावना लिहून, त्यांचे प्रदर्शन भरवले. एखाद्या नवख्या चित्रकाराला याहून मोठा दरवाजा त्या काळच्या पॅरिसमध्ये उघडणे कठीण होते. पण दोन-तीन वर्षांतच अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या चित्रांचे महत्त्व मानायचे की नाही यावरून दोघांचे बिनसले आणि 1955 मध्ये हांताई अतिवास्तववाद्यांच्या गोटातून बाहेर पडले. मिळालेली जागा सोडून निघून जाण्याची ही त्यांची पहिली खेप होती.

‘एक्रित्युर रोझ’ हे चित्र या फारकतीनंतरचे. सव्वाचार मीटर रुंद आणि जवळजवळ 3.3 मीटर उंच अशा कापडावर हांताई यांनी 1958 च्या ॲडव्हेंटपासून, म्हणजे नाताळाआधीच्या उपासना-काळापासून, सुमारे वर्षभर रोज सकाळी लेखन केले : चर्चच्या उपासना-वर्षातले त्या त्या दिवसाचे पाठ, आणि त्यांच्या जोडीने तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतले उतारे. दुपारी ते वर उल्लेखिलेल्या ‘आ गाला प्लासिदिया’ या दुसऱ्या चित्रावर काम करत असत. सकाळच्या कापडावर एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे थर चढत गेले आणि लिहिलेले वाचता येईनासे झाले. शाया वापरल्या त्या लाल, हिरव्या, जांभळ्या आणि काळ्या. गुलाबी शाई त्यांत नव्हतीच. हे चित्र मी पॉम्पिदूमध्ये पाहिलेले आहे. वीतभर अंतरावरून पाहिले तर बारीक अक्षरांच्या आडव्या ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, लाल रेघेला हिरवी रेघ छेदून गेलेली दिसते, एखादा शब्द ओळखीचा वाटून पुढच्याच क्षणी हरवतो, आणि गुलाबी म्हणावे असे कुठेही काही सापडत नाही. चार पावले मागे सरले की या सगळ्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पूर्ण कापडावर गुलाबी उजेड पसरल्यासारखा होतो. हा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होतो आणि तो तयार होण्यासाठी त्याला मागे-पुढे चालावे लागते.

आता प्रतीकडे वळतो. तिची रुंदी 80 सेंटिमीटर आहे, म्हणजे मूळ चित्राच्या एक पंचमांशाहूनही कमी. मुळात जी अक्षरे जेमतेम वाचता येतात, ती इतकी लहान केल्यावर त्यांचे काय होणार, हे सांगायला नको. भिंग लावून पाहिले तर ओळींच्या जागी फिकट जांभळट कणांचा समान थर दिसतो. ठसठशीत रेघा तेवढ्या तग धरून आहेत. त्याहून गंभीर बाब रंगाची आहे. छपाईयंत्राला लाल, हिरव्या आणि जांभळ्या रेघांचे जाळे कळत नाही. त्या लहान आकारात छायाचित्राला जो सरासरी रंग दिसला तो त्याला कळतो, आणि तो रंग साधण्यासाठी ते पांढऱ्या कागदावर मॅजेंटाचे, म्हणजे किरमिजी शाईचे, विरळ ठिपके टाकते. परिणामी हांताई यांनी जो रंग कापडावर कधी लावलाच नाही तो येथे सरळ लावलेला आहे, आणि जे वर्षभर लिहिले ते पुसले गेले आहे. मागे सरा, पुढे या, काही बदलत नाही. चित्रातला ख्रिस्ती क्रूस, ज्यूंचा षट्कोनी तारा आणि धर्मसुधारक ल्यूथरने सैतानावर दौत फेकल्याच्या आख्यायिकेतला शाईचा डाग ही मोठी चिन्हे स्पष्ट छापली गेली आहेत, परंतु क्रूसावरचा सोन्याचा वर्ख मात्र मातकट पिवळा झाला आहे. वर्ख शाईने छापता येत नाही, हा विक्रेत्याचा दोष म्हणता येणार नाही. दोष आहे तो हे चित्र पूर्णाकृती आणि लहान करून विकण्याचा. त्याऐवजी मूळ मापात, लहान न करता, चित्राचा टीचभर का होईना पण खरा भाग छापला असता, तर ग्राहकाच्या हाती काहीतरी मोलाचे पडले असते. असा पर्याय या विक्रेत्याकडे नाही.

निळ्या ‘टॅब्युला’ची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजण्यासाठी 1960 साली हांताई यांनी स्वीकारलेली कामाची रीत माहीत हवी. कापड ताणून चौकटीला ठोकायचे, समोर उभे राहून त्यावर आपले कौशल्य दाखवायचे, ही सगळी मांडणीच त्यांना नकोशी झाली होती. त्यांनी कापड चुरगाळायला, दुमडायला, त्याला गाठी मारायला सुरुवात केली. अशा गोळा झालेल्या कापडाचा जो भाग वर राहील तेवढाच रंगवायचा, रंग वाळू द्यायचा आणि मग कापड उलगडायचे. घड्यांच्या आत दडलेला भाग कोराच राहतो. डोळे मिटून काम करण्याची जी कथा पत्रकात आहे, तिचा उगम बहुधा येथे असावा. प्रत्यक्षात डोळे उघडे असूनही चित्र दिसत नसे, कारण उलगडेपर्यंत ते अस्तित्वातच येत नसे. बांधणीचे कापड पाहिलेल्या वाचकाला ही युक्ती नवी वाटणार नाही, मात्र बांधणी करणाऱ्याला कोणती नक्षी उमटणार हे आधी ठाऊक असते आणि हांताई यांना नेमके तेच टाळायचे होते. या रीतीने त्यांनी वीस-बावीस वर्षे एकामागून एक मालिका केल्या : कुमारी मेरीच्या झग्याची आठवण देणाऱ्या ‘मारियाल’, पोटासारखे गोळा झालेले ‘पांस’, आणि फोंतेनब्लो अरण्यानजीकच्या ज्या खेड्यात ते 1960 च्या दशकात राहायला गेले त्याच्या नावाच्या ‘मं’. घड्या आणि इस्त्री यांच्याशी त्यांचे नाते जुने होते. त्यांच्या आईचे, इस्त्रीने घड्या बसवलेला एप्रन घातलेले एक जुने छायाचित्र त्यांच्यावरच्या लेखनात पुन्हापुन्हा येते.

‘टॅब्युला’मध्ये ही रीत सर्वांत शिस्तबद्ध झाली. कापडाच्या मागच्या बाजूने सारख्या अंतरावर दोऱ्याने गाठी मारायच्या, पुढची बाजू एकाच रंगाने रंगवायची आणि गाठी सोडायच्या. उलगडल्यावर चौकोनांची जाळी उमटते, प्रत्येक चौकोनाच्या कडा थोड्या चिरफळलेल्या असतात, आणि जिथे चार चौकोन एकत्र येतात तिथे गाठीच्या जागी पांढरी चांदणी फुटते. ही पांढरी जागा रंगवलेली नाही. ते नुसते कापड आहे. आणि इथेच छपाई चित्राच्या मदतीला येते, कारण छापील प्रतीतला पांढरा भागही न छापलेला कागदच असतो. शाई नाही तिथे पांढरे, हा नियम दोन्हीकडे समान आहे. मी घेतलेल्या प्रतीत चौकोनांच्या कडांवरचे बारीक ओरखडे, घडीत रंग झिरपून गेलेल्या फिकट जागा, आणि एका ठिकाणी गाठ पुरेशी घट्ट न बसल्यामुळे चांदणीचा एक हात निळ्यात बुडालेला, हे सर्व स्वच्छ दिसते. निळा रंग किंचित थंड आला आहे, पण कागदाला चमक नसल्यामुळे तो खोल वाटतो. एकच उणीव जाणवते : मूळ कापडावर घड्यांचे उंचवटे अद्याप शिल्लक असतात आणि पाहणारा सरकला की त्यांच्या सावल्या सरकतात, प्रतीत छायाचित्राच्या वेळच्या सावल्या राखाडी रेषा होऊन गोठल्या आहेत. खोलीतला दिवा उजवीकडे असला आणि छापलेली सावलीही उजवीकडेच पडलेली दिसली, तर थोडे विचित्र वाटते.

तक्रार करण्याजोगी गोष्ट काठांची आहे. बाजारात मिळणाऱ्या ठरावीक मापाच्या चौकटीत बसावे म्हणून विक्रेत्याने चित्राच्या चारही बाजू छाटल्या आहेत आणि त्यात कोऱ्या कापडाची अनियमित किनार गेली आहे. मूळ प्रमाण राखून भोवती पांढरा समास सोडणे सहज शक्य होते. हांताई यांनी स्वतः पुढे आपल्या प्रचंड ‘टॅब्युला’ कापून त्यांतून नवी चित्रे काढली, त्या मालिकेचे नाव ‘लेसे’. परंतु आपले चित्र आपण कापणे आणि चौकटवाल्याच्या सोयीसाठी दुसऱ्याने कापणे यांत जे अंतर आहे ते राहतेच.

त्यांनी कापलेली ही चित्रे ज्या काळातली आहेत तो त्यांच्या एकांतवासाचा काळ. 1981 मध्ये बोर्दो येथल्या एका जुन्या वखारीत त्यांची अतिभव्य चित्रे मांडली गेली, 1982 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी फ्रान्सचे प्रतिनिधित्व केले, आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये जाँ फूर्निए यांच्या दालनात पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच रंगाची ‘टॅब्युला’ त्यांनी दाखवली, जिथे दोन पांढऱ्यांच्या शेजारामुळे पाहणाऱ्याला फिकट जांभळी छटा दिसू लागे. (या चित्रांची प्रत कुणी विकत असेल तर ती मुळीच घेऊ नये, छापखाना ती जांभळीच छापणार.) त्यानंतर त्यांनी प्रदर्शने थांबवली. कीर्ती ऐन भरात असताना कलेचा बाजार आणि सरकारी मागण्या यांच्यापासून ते दूर झाले आणि सुमारे पंधरा वर्षे बहुतांशी वाचन, पत्रव्यवहार आणि जुन्या कामाची फेरतपासणी यांत रमले. तत्त्वज्ञ झाक देरिदा आणि झाँ-ल्यूक नाँसी यांच्याशी त्यांचे बौद्धिक देणेघेणे याच एकांतातून वाढले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा काही काम बाहेर काढले. 2008 मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे मोठे सिंहावलोकन पॉम्पिदूमध्ये 2013 साली आणि शताब्दीचे प्रदर्शन लुई व्हितों प्रतिष्ठानात 2022 साली झाले.

चित्राचा माल होऊ नये म्हणून जो माणूस बाजार सोडून गेला, त्याच्या चित्राची बाजारी प्रत घ्यावी का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर नाही. माझे मत असे की हांताई यांचा राग छपाईवर नव्हता. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी आपल्याच चित्रांची छायाचित्रे संगणकावर ताणून-वाकवून कापडावर छापून घेतली आणि त्यांना ‘स्युएर’, म्हणजे कफन, असे नाव दिले. प्रत म्हणजे चित्राचा उरलेला ठसा, हे त्यांनी उघडपणे मान्य केले होते. त्यांना खुपत होती ती चित्रकाराच्या हाताची आरती आणि तिच्यावर चालणारा व्यापार. निळ्या ‘टॅब्युला’च्या प्रतीत तो हात मुळातच कमी आहे, म्हणून ती घेताना मला संकोच वाटला नाही.

सेवेबद्दल सांगायचे तर प्रती जाड पुठ्ठ्याच्या नळीतून, मधे पातळ कागद घालून, सुस्थितीत आल्या. ‘एक्रित्युर रोझ’ परत करण्याची विचारणा केली असता मागणीनुसार छापलेला माल परत घेतला जात नाही असे उत्तर मिळाले. ही अट खरेदीच्या पानावर ठळक लिहिलेली नाही, ती असायला हवी. ‘टॅब्युला’ घेणाऱ्याने उपलब्ध मापांतले सर्वांत मोठे माप निवडावे, कारण चौकोनांची संख्या डोळ्यांत भरल्याशिवाय त्या जाळीचा ताल लागत नाही. चौकटीला काच लावायचीच असेल तर परावर्तन न करणारी लावावी आणि कागद व काच यांच्यात समासाच्या पुठ्ठ्याचे अंतर ठेवावे. छाटलेल्या काठांबद्दल विक्रेत्याला आधी लिहून मूळ प्रमाणातली प्रत मागून पाहावी. माझ्या पत्राला ‘पुढील मागणीत विचार करू’ असे उत्तर आले आहे.