गेमची चित्रशैली निवडताना: पिक्सेल, हाती काढलेलं टूडी, टून की वास्तवदर्शी?

छोटी टीम चित्रशैली ठरवते ती बहुतेकदा एखाद्या देखण्या नमुनाचित्रावरून. पण एक चित्र कुठल्याही शैलीत छान निघतं. शैली किती महागात पडते ते काम अर्ध्यावर आल्यावर, बदल करायची वेळ आली की कळतं. म्हणून इथे चारही शैलींना एकच कसोटी लावू: नायकाच्या ८ हालचाली, प्रत्येकी १२ फ्रेम, म्हणजे एकूण ९६ फ्रेम तयार आहेत, आणि आता त्याला टोपी घालायचं ठरलंय.

पिक्सेल आर्टमध्ये ३२×३२च्या नायकाची टोपी म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये जेमतेम वीस-तीस पिक्सेल. ९६ फ्रेम पुन्हा उघडाव्या लागतील, पण ते काही दिवसांत उरकतं. शिवाय या शैलीत धावण्यासाठी ६ ते ८ फ्रेमही पुरतात. पिक्सेलची अडचण चित्रात कमी आणि पडद्यावर जास्त असते. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा गेम ३२०×१८० पिक्सेलमध्ये रंगवला जातो. सहापट केलं की बरोबर १९२०×१०८०. पण १३६६×७६८च्या पडद्यावर हे गुणोत्तर ४.२७ येतं. तसंच ताणलं तर काही पिक्सेल पडद्याच्या ४ ठिपक्यांचे, काही ५ ठिपक्यांचे होतात आणि नायक चालताना चेहरा लुकलुकतो. चारपटच ठेवलं तर डावी-उजवीकडे ४३ आणि वर-खाली २४ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे त्या पडद्यावर ३४२×१९२ इतका भाग दाखवायचा; आडवे फक्त २ ठिपके कापले जातात. मात्र त्यासाठी पातळीच्या (लेव्हलच्या) कडेबाहेरही थोडं चित्र काढून ठेवलेलं हवं. टेक्स्चरचं (गेममधल्या चित्राचं) फिल्टरिंग, म्हणजे लहान-मोठं करताना शेजारचे पिक्सेल मिसळण्याची पद्धत, ‘पॉइंट’वर (न मिसळता) ठेवा, कॅमेऱ्याची जागा पूर्ण पिक्सेलवर आणा, आणि एकाच दृश्यात दोन मापांचे पिक्सेल कधीही मिसळू नका. दुप्पट मोठा केलेला शत्रू लहान पिक्सेलच्या नायकाशेजारी लगेच परका वाटतो.

हाती काढलेल्या टूडीत तीच टोपी कंबर मोडते. ‘कपहेड’ (२०१७) कागदावर फ्रेम-दर-फ्रेम काढला गेला. तो जिवंतपणा दुसऱ्या कशाने येत नाही, पण अशा कामात टोपी म्हणजे ९६ नवी रेखाटनं. मेमरीचा हिशोबही आधीच मांडा. ५१२×५१२ची एक फ्रेम कॉम्प्रेस न करता १ एमबी, म्हणजे एकटा नायक ९६ एमबी, पीसीवर बीसी७ या टेक्स्चर-कॉम्प्रेशनने २४. असे पाच शत्रू आले की मोबाइलवर अंगाशी येतं. पर्याय आहे हाडांच्या ॲनिमेशनचा: डोकं, धड, हात सुटे काढायचे आणि सांगाड्याला जोडायचे. मग टोपी एकदाच काढून डोक्याच्या हाडाला लावता येते. मात्र मान वळवली की कागदी बाहुली दिसते, त्यामुळे वळणासाठी डोक्याची दोन-तीन वेगळी चित्रं लागतातच. आकृतीभोवती पांढरी किंवा काळी किनार दिसली तर दोष चित्रकाराचा नसतो. पारदर्शक भागातला रंग फिल्टरिंगमध्ये कडेत मिसळतो. प्रीमल्टिप्लाइड अल्फा (रंगाला आधीच पारदर्शकतेने गुणून ठेवणं) वापरला की ती किनार जाते.

टून शेडिंगच्या (कार्टूनसारख्या सपाट छटांच्या) थ्रीडीत टोपी एकदा बनवायची, डोक्याच्या हाडाला जोडायची, ९६ फ्रेम आपोआप. ‘जेट सेट रेडिओ’ (२०००) आणि ‘विंड वेकर’ (२००२) यांनी दाखवलेली ही वाट छोट्या टीमला सर्वात जास्त फळते, असं आमचं ठाम मत आहे. पण ‘शेडर (रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) लावला की झालं’ हा समज खोटा. बाह्यरेषेसाठी मॉडेलची एक प्रत घेऊन तिचे फेस (पृष्ठभागाचे तुकडे) उलटे करतात, नॉर्मलच्या, म्हणजे पृष्ठभागातून सरळ बाहेर जाणाऱ्या, दिशेने किंचित फुगवतात आणि काळी रंगवतात. टोपीच्या धारदार काठावर नॉर्मल दुभंगलेले असतात, म्हणून तिथे रेषा फाटते. सरासरी काढलेले नॉर्मल व्हर्टेक्स कलरमध्ये (मॉडेलच्या प्रत्येक कोपऱ्यासोबत नोंदलेल्या रंगात) साठवून बाह्यरेषेला तेच द्या. आणि तेही टॅन्जन्ट स्पेसमध्ये (पृष्ठभागासोबत वळणाऱ्या अक्षांवर), नाहीतर पात्र हललं की रेषा भलतीकडे सरकते. चेहऱ्यावरच्या सावल्यांना तर हातच लावावा लागतो. ‘गिल्टी गिअर झर्ड’च्या (२०१४) कलाकारांनी नॉर्मल हाताने बदलले आणि दोन पोझमधलं इंटरपोलेशनही (मधल्या फ्रेम आपोआप भरणं) काढून टाकलं, तेव्हा कुठे ते टूडीसारखं दिसलं.

वास्तवदर्शी शैलीतही टोपी एकदाच, पण त्या एका टोपीला हाय-पॉली (बारकाव्यांचं) मॉडेल, लो-पॉली (गेममध्ये वापरायचं हलकं) मॉडेल, यूव्ही (चित्र मॉडेलवर कुठे बसेल याची मांडणी), बेकिंग (बारकावे चित्रात उतरवणं) आणि अल्बेडो (मूळ रंग), नॉर्मल (उंचसखलपणा), रफनेस (खरखरीतपणा), मेटॅलिक (धातूपणा) असे नकाशे लागतात. खोलगट भाग फुगीर दिसू लागले तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल तपासा. अनरियल आणि युनिटी या गेम इंजिनांत तो एकमेकांच्या उलट असतो. रफनेसच्या नकाशावर एसआरजीबी (रंगाच्या चित्रांसाठीची उजळपणाची दुरुस्ती) चालू राहिलं तर सगळ्या वस्तूंची चमक चुकते. तयार मॉडेल विकत घेऊन हे टाळता येत नाही: एका दगडाला मीटरमागे १०२४ पिक्सेल, शेजारच्या भिंतीला २५६, आणि कुणाच्या अल्बेडोत सावली भाजलेली, हे चटकन नजरेला खुपतं. माणसांचे चेहरे जवळून दाखवायचे नसतील, तरच लहान टीमने इकडे वळावं.

कॅमेरा पात्राभोवती फिरणार असेल किंवा पोशाख सतत बदलणार असतील, तर पहिल्या दोन शैली बाद करा. एकच चित्रकार, बाजूने दिसणारा खेळ आणि मोजकी पात्रं असतील तर पिक्सेल. हाती काढलेलं फ्रेम-दर-फ्रेम काम तेव्हाच घ्या, जेव्हा हालचालींची यादी कच्च्या रेखाटनांवर खेळून पक्की झाली असेल.

निवडलेल्या शैलीत एक खोली, एक नायक, एक शत्रू आणि तीन हालचाली पूर्ण करा. मग टोपी घाला आणि त्या बदलाला लागलेले तास तीनने भागून हालचालींच्या एकूण संख्येने गुणा. तीनला लागलेले तास आठला किती होतात, हा आकडा वेळापत्रकात मावत नसेल तर शैली आत्ताच बदला.