सुपरमॅन की फँटास्टिक फोर? जुलै २०२५ मधले दोन रीबूट, आता शांतपणे

जुलै २०२५ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मोठे सुपरहिरो पिक्चर आले, ११ तारखेला डीसी या कॉमिक कंपनीचा सुपरमॅन आणि २५ ला तिची प्रतिस्पर्धी मार्व्हलचा द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स, आणि दोन्ही रीबूट, म्हणजे जुन्या पिक्चरशी संबंध तोडून नवे कलाकार घेऊन पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा सगळीकडे कोण जिंकलं कोण हरलं एवढीच चर्चा होती, कोणाचा पहिला वीकेंड किती, दुसऱ्या आठवड्यात कोण किती घसरलं. सांगायचंच तर सुपरमॅनने जगभरात ६१ कोटी डॉलरच्या वर कमावले आणि फँटास्टिक फोरने ५२ कोटींच्या आसपास. पण आता ती धूळ बसलीये, म्हणून आकडे बाजूला ठेवून पिक्चर म्हणून कुठला चांगला ते लिहिते. शेवटासकट सगळं सांगणार आहे, न बघितलेल्यांनी आधी बघून या.

माझं मत आधीच सांगते, सुपरमॅन. फँटास्टिक फोर जास्त देखणा आहे, जास्त आटोपशीर आहे, त्यातला एक सीन तर या दोन्ही पिक्चरमधला सगळ्यात थरारक सीन आहे, तरीही सुपरमॅनच. आणि त्याचं कारण माझ्यासाठी अगदी साधं आहे, त्या पिक्चरमधली माणसं एकमेकांशी भांडतात.

थोडं मागे जाऊ. सुपरमॅन कॉमिकमध्ये आला १९३८ साली आणि पडद्यावरचा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला सुपरमॅन म्हणजे १९७८ चा, क्रिस्टोफर रीव्ह. त्यात एक सीन आहे, पत्रकार लोइसच्या घरात क्लार्क, म्हणजे सुपरमॅनचं साध्या माणसाचं रूप, एकटा उभा असतो, चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो आणि समोर एकदम दुसराच माणूस, मग धीर होत नाही म्हणून परत खांदे पाडतो आणि क्लार्क होतो. एकही स्पेशल इफेक्ट नाही आणि आजही बघताना अंगावर काटा येतो. २००६ चा सुपरमॅन रिटर्न्स त्या जुन्या पिक्चरच्या इतका प्रेमात होता की त्याला स्वतःचं काही म्हणायचंच राहिलं नाही, ब्रँडन राउथ बिचारा रीव्हच्या सावलीत उभा राहिला. मग २०१३ ला झॅक स्नायडरचा मॅन ऑफ स्टील, हेन्री कॅव्हिल. दिसायला कॅव्हिलसारखा सुपरमॅन होणे नाही, हान्स झिमरचं संगीत पण जबरदस्त, पण त्या पिक्चरमध्ये बाप वादळात उभा राहून मुलाला हातानेच थांब म्हणतो, मला वाचवू नको, आणि मुलगा ऐकतो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. सुपरमॅन आहे तो, तो धावणारच. शेवटी अर्धं शहर जमीनदोस्त होतं, खलनायक झॉडची मान मोडली जाते आणि सगळे जण कायम गंभीर, कोणी कोणाशी घरातल्या माणसासारखं बोलतच नाही.

फँटास्टिक फोरचं नशीब त्याहून वाईट. १९६१ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हे कॉमिक काढलं तेव्हा त्यातली नवी गोष्ट हीच होती की हे चौघे सारखे कचाकचा भांडतात. स्यूचा भाऊ जॉनी दगडी देहाच्या बेनला चिडवतो, बेन वस्तू फोडतो, शास्त्रज्ञ रीड स्वतःच्या प्रयोगात गुंग, आणि त्याची जोडीदार स्यू सगळ्यांना सांभाळते आणि वैतागते. पडद्यावर मात्र १९९४ चा स्वस्तात उरकलेला पिक्चर कधी रीतसर रिलीजच झाला नाही. २००५ चा आला, त्याची गोष्ट फार पातळ होती पण मी त्याची बाजू घेईन, कारण ख्रिस इव्हान्सचा जॉनी आणि मायकल चिकलिसचा बेन यांची जी खोडसाळ मारामारी त्यात आहे ती अगदी कॉमिकमधली आहे. २००७ च्या दुसऱ्या भागात ग्रह खाणारा गॅलॅक्टस दाखवला तो चक्क एक ढग म्हणून, फॅन लोकांना ते अजून सहन होत नाही आणि ते बरोबरच आहे. २०१५ चा रीबूट तर कोणीच वाली नसल्यासारखा, पहिला तासभर काहीतरी वेगळं भयपटासारखं होईल असं वाटतं, मग पडद्यावर 'एक वर्षानंतर' अशी पाटी येते आणि पिक्चरचा जीवच जातो. २०१९ मध्ये या पिक्चरचे हक्क असलेल्या फॉक्स स्टुडिओचा कारभार मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेकडे गेला तेव्हा कुठे हे कुटुंब मार्व्हलच्या घरी परत आलं.

तर या सगळ्या इतिहासानंतर हे दोन पिक्चर, आणि दोघांनीही एक शहाणपणा केलाय, सुरुवातीची गोष्ट परत सांगितलेली नाही. सुपरमॅनच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टॉनचा स्फोट, पाळण्यात घालून पाठवलेलं बाळ, अवकाशयानावर पडलेले किरण, हे सगळं आपल्याला पाठ आहे हे त्यांनी गृहीत धरलंय. फँटास्टिक फोर एका टीव्ही शोमधून पटापट चार वर्षं सांगून टाकतो. सुपरमॅन तर त्याहून भारी, पडद्यावर अक्षरं येतात, तीन शतकांपूर्वी हे झालं, तीन दशकांपूर्वी ते, तीन वर्षांपूर्वी, तीन आठवड्यांपूर्वी, तीन तासांपूर्वी, आणि तीन मिनिटांपूर्वी सुपरमॅन आयुष्यात पहिल्यांदा हरला. आणि धाडकन तो अंटार्क्टिकाच्या बर्फात येऊन आपटतो, तोंडातून रक्त, बरगड्या मोडलेल्या, आणि शीळ घालून कुत्र्याला बोलावतो. तो क्रिप्टो कुत्रा मदत करायच्या आधी त्याच्या अंगावर नाचतो. पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हा सुपरमॅन दुखावला जाऊ शकतो, शरीरानेही आणि मनानेही.

आता तो सीन ज्याच्यासाठी मी हा पिक्चर कोणालाही बघायला सांगेन. लोइसचं घर, रात्र, क्लार्क स्वयंपाक करतोय, दोघांचं तीन महिने चालू आहे आणि तो कोण आहे हे तिला माहितीये. सुपरमॅन म्हणून माझी मुलाखत घे असं तो हौसेने म्हणतो, आणि ती खरोखर घेते. बोराव्हिया नावाच्या देशाने शेजारच्या जरहानपूरवर हल्ला केला तो तू थांबवलास, कोणाला विचारून? सरकारला सांगितलंस? त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला वाळवंटात नेऊन धमकावलंस ते कुठल्या अधिकारात? आणि क्लार्क आधी हसून उत्तरं देतो, मग अडखळतो, मग चिडतो, आवाज चढतो, लोक मरणार होते एवढंच त्याचं म्हणणं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. डेव्हिड कोरेन्सवेट आणि रेचल ब्रॉस्नाहन, नुसते दोन जण एका खोलीत बोलतायत आणि नंतरच्या कुठल्याही मारामारीपेक्षा मला त्याचीच जास्त धाकधूक वाटली, कारण इथे खरोखर काहीतरी तुटू शकतं. यांचं प्रेम खरं आहे हे मला त्या भांडणातून पटलं. (आपल्याकडे थेटरात आला त्या प्रिंटमधून सेन्सॉरने पुढचा ३३ सेकंदांचा किसिंगचा भाग कापला होता, म्हणजे भांडण बघितलं आणि समेट अर्धाच बघितला. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तो शेवट या मुलाखतीच्या सीनशी जोडलेला आहे.)

दिग्दर्शक जेम्स गन हा आधी मार्व्हलकडे गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीचे तिन्ही भाग करून आलेला माणूस, आणि आता डीसी स्टुडिओचा एक प्रमुख. त्याची सवय इथेही दिसते, माणसं फार. मिस्टर टेरिफिक, हॉकगर्ल, गाय गार्डनर, मेटामॉर्फो, इंजिनीअर, अल्ट्रामॅन, लग्नाच्या पंगतीत ऐनवेळी पाहुणे वाढत जावेत तसे हे येतच राहतात आणि मधल्या भागात तो पॉकेट युनिव्हर्स, म्हणजे छोटंसं वेगळं विश्व, वगैरे प्रकार सुरू झाला की सुपरमॅन स्वतःच्याच पिक्चरमध्ये कोपऱ्यात जातो. मिस्टर टेरिफिकला मात्र मी माफ केलं, एडी गथेगीने चेहरा न हलवता जे काम केलंय ते फार मस्त आहे.

आणि सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर. निकोलस होल्टचा लेक्स नुसता जळतो, मत्सराने आतून जळतो, आणि ते लपवतही नाही. त्याने ऑनलाइन द्वेष पसरवायला माकडांची फौज बसवलीये, खरोखरची माकडं, कीबोर्डवर सुपरमॅनविरुद्ध बडवत बसलेली. आणि मग तो मलीला मारतो. मली म्हणजे साधा फलाफलवाला, ज्याने रस्त्यात पडलेल्या सुपरमॅनला हात देऊन उठवलं होतं एवढाच त्याचा गुन्हा, आणि लेक्स सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर त्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो. या पिक्चरमध्ये इमारती बऱ्याच पडतात पण मला आठवतो तो मली. स्नायडरच्या पिक्चरमध्ये हजारो मेले असतील, एकाचंही नाव आठवत नाही.

सुपरमॅनचे क्रिप्टॉनवरचे आईबाप त्याला प्रेमाचा निरोप देऊन गेले असं तो आयुष्यभर समजत आलेला, आणि लेक्स त्या निरोपाचा उरलेला भाग जगाला ऐकवतो, की या लोकांवर राज्य कर. यावर काही फॅन भयंकर चिडले. मला तो पिक्चरचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटला, कारण त्यानंतर तो कॅन्ससला घरी येतो आणि त्याला वाढवणारा शेतकरी बाप त्याच्याशी बाहेर बसून बोलतो. मोठं भाषण नाही, बापाला नीट बोलताही येत नाही, डोळे भरतात. मुलाने कोण व्हायचं हे आईबापाने ठरवायचं नसतं, तू जे निवडतोस ते तू, असं काहीसं. मॅन ऑफ स्टीलच्या वादळातल्या बापाला हे खरं उत्तर आहे.

आता फँटास्टिक फोर. मॅट शॅकमनने जे जग उभं केलंय त्याला तोड नाही. साठच्या दशकातलं न्यूयॉर्क, पण त्या काळच्या लोकांनी भविष्याची जशी कल्पना केली असती तसं, गोल कोपऱ्यांचं फर्निचर, उडत्या गाड्या, निळे स्वेटर, हर्बी रोबो. मार्व्हलच्या गोष्टींत अनेक समांतर पृथ्वी असतात, त्यातल्या या पृथ्वीचा नंबर ८२८ ठेवलाय तो जॅक कर्बीच्या वाढदिवसावरून, २८ ऑगस्ट, असलं प्रेम पूर्ण पिक्चरभर जाणवतं. मायकल जिआकिनोची थीम तर दोन दिवस डोक्यातून जात नाही, जॉन विल्यम्सची १९७८ ची जुनी धून गिटारवर आणणाऱ्या सुपरमॅनपेक्षा इथलं संगीत मला सरस वाटलं.

आणि तो सीन. चौघं गॅलॅक्टसला भेटून पळतायत, स्यूला कळा सुरू झाल्यात, मागे सर्फबोर्डवर गॅलॅक्टसची दूत शल्ला-बाल, समोर न्यूट्रॉन तारा, वजन नाही, वेळ नाही, आणि त्यातच बाळंतपण. व्हॅनेसा कर्बीने तिथे जीव ओतलाय. त्यात गॅलॅक्टसही शेवटी ढग नाही, राल्फ आयनसनचा तो खोल आवाज आणि न्यूयॉर्कच्या इमारतींमधून चालणारा अजस्र देह, २००७ ची भरपाई झाली.

मग कमी कुठे पडतो? गॅलॅक्टस म्हणतो बाळ द्या, पृथ्वी सोडतो. याहून मोठा पेच सुपरहिरो पिक्चरमध्ये मी तरी बघितलेला नाही. बाळाचा बाप रीड कबूल करतो की त्याने गणित मांडून बघितलं, एका बाळाच्या बदल्यात सगळं जग, आणि स्यूच्या चेहऱ्यावर जे येतं ना, वाटतं आता होणार, आता हे घर हादरणार. आणि नाही होत. पेड्रो पास्कल हळू आवाजात स्वतःची भीती सांगतो, छान सांगतो, आणि विषय संपतो. बाहेर चिडलेली गर्दी असते, स्यू बाळ घेऊन बाहेर येते, चार वाक्यं बोलते आणि लोक शांत होतात. सगळे देश वीज वाचवायला तयार होतात. जॉनी आणि बेन यांची चिडवाचिडवी आहे पण तोंडी लावण्यापुरती, २००५ चे ते दोघं आठवतात आणि चुकल्यासारखं वाटतं. शेवटी स्यू मरते, मन हलतं, आणि बाळ तिला स्पर्श करतं आणि ती उठून बसते. एवढी गोड माणसं, एवढं मोठं संकट, आणि कोणाच्याही अंगावर ओरखडा राहत नाही. एबन मॉस-बॅकरॅकच्या बेनवर मला फार माया आली, दगडाचा देह घेऊन तो शाळेतल्या शिक्षिकेशी लाजत बोलतो, पण त्याच्या दुःखाला पिक्चरने वेळच दिला नाही.

दोन्ही बघायचेच आहेत तर इंग्रजीतच बघा, सबटायटल लावून, कारण लोइस-क्लार्कची ती खडाजंगी इतक्या वेगात चालते की डबिंगमध्ये तिची धार जाणारच. फँटास्टिक फोर शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा, तो न्यूट्रॉन ताऱ्याचा भाग मोबाइलवर वाया जातो, आणि क्रेडिट चालू झाली की उठू नका, हिरवा झगा घातलेला एक पाहुणा येतो. घरी लहान मुलं असतील तर आधी फँटास्टिक फोर लावा, त्यांना हर्बी आणि बाळ आवडेल. सुपरमॅन लावलात तर मलीच्या सीनला त्यांच्या शेजारी बसा, क्रिप्टो बघून हसणारी मुलं तिथे एकदम गप्प होतात आणि मग प्रश्न विचारतात.