वाईनचा व्हॅक्यूम पंप : आठ महिने वापरून झाल्यावर

परवा याच्या एका रबरी बुचाने दगा दिला म्हणून लिहायला बसलोय. मी एका वेळी एकच ग्लास घेतो, ७५० मिलीची रेड वाईनची बाटली चार-पाच दिवस जाते आणि उरलेली ओतून द्यायला हात धजत नाही, म्हणून तर बाटलीच्या तोंडावर रबरी बूच बसवून आतली हवा ओढून काढणारा हा पंप घेतला.

पहिले काही महिने खूश होतो. कॅबरने सोव्हिन्याँ ही रेड वाईन तिसऱ्या दिवशीही छान, हिरड्यांवर तोच तुरटपणा, नाकाला तोच ब्लॅककरंटचा, म्हणजे काळ्या बेरीसारखा वास. पिनो न्वार या दुसऱ्या रेड वाईनचं मात्र दुसऱ्याच दिवशी पाणी व्हायचं, तिच्या द्राक्षाची साल पातळ, टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) कमी, ती नाजूकच.

आता बूच. सकाळी दाबल्यावर फुस्स झालं पाहिजे, म्हणजे रात्रभर हवा आत गेली नाही. पाचव्या महिन्यापासून एका बुचाचं फुस्स बंद. धुतलं, वाळवलं, पुन्हा पंप मारला, तरी सकाळी गप्प, आणि वाईनला व्हिनेगरची झाक. सर्व्हिसवाले म्हणाले रबर वॉरंटीत येत नाही आणि सुटं बूच मिळत नाही, अख्खा सेट घ्या. अहो पंप ठणठणीत आहे, तो कशाला टाकू? बोटाएवढं रबर सुटं विकायला काय जातं यांचं?

तर मी सगळा दोष बुचालाच देत होतो, पण गेल्या महिन्यात एक करून बघितलं. कॅबरने उघडल्या उघडल्या निम्मी ३७५ मिलीच्या रिकाम्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण लावलं, उरलेल्या निम्मीला चांगल्या बुचाने पंप मारला, दोन्ही फ्रीजमध्ये. तिसऱ्या दिवशी १६-१८ डिग्रीला येऊ दिल्या. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरके धरले तर रंग सारखाच, कडेला जांभळट. वासात मात्र फरक, छोट्या बाटलीतली ताजी आणि पंपवाली थोडी बसलेली. कारण पंप सगळी हवा काढतच नाही, आणि वाईनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन आपलं काम करतच राहतो. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत मुळात हवा जवळजवळ नसतेच.

त्यामुळे माझं मत बदललंय, आधी छोटी बाटली धुवून ठेवा, पंपाचं नंतर बघा. पण उघडल्यावर लगेच भरायची, दोन ग्लास झाल्यावर आठवण झाली तर तोवर वाईनला हवा लागलेली असते, मग तेवढा उपयोग नाही, तेव्हा पंपच बरा. दुसरं बूच अजून फुस्स करतंय तोवर मी तो वापरणार, नवा सेट मात्र घेणार नाही.