शिकवणीसाठी घेतलेला आरशाचा मायक्रोस्कोप: सात महिने वापरल्यानंतर

नागपुरात मानेवाड्यात मी घरीच आठवी-नववीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. पेशीचा धडा इतकी वर्षं फळ्यावर आकृती काढूनच शिकवला. मुलं आकृती झकास काढायची, नावं बिनचूक द्यायची आणि तरी एखादा विचारायचाच, "मॅडम, पेशी अशी चपटी असते का?" म्हणून गेल्या जुलैत बर्डीवरून हा साधा मायक्रोस्कोप आणला. धातूचा, खाली आरसा, डोळा लावायची १० पटीची नेत्रिका, १० आणि ४० पटीची दोन भिंगं, म्हणजे एकूण १०० आणि ४०० पट. ३,४०० रुपये पडले.

त्याआधी ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या मायक्रोस्कोपवर १२०० पट असं छापलं होतं. त्यात कांद्याची साल ढगासारखी दिसायची आणि हात काढला की फोकस घसरायचा. ते पैसे बुडाले. आकड्याला भुलू नका. ४०० पटीला कडा रेखीव दिसल्या की शाळेचं काम भागतं. या वेळी मी कांदा पर्समध्ये घेऊन गेले आणि दुकानात साल लावून बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

पहिल्याच दिवशी स्लाइडच्या जागी प्लास्टिकची मोजपट्टी ठेवली. १०० पटीला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर दिसतं. मग कांद्याची साल लावली, तर तेवढ्या जागेत लांबीने पाच पेशी मावल्या. म्हणजे एक पेशी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. हे गणित मुलांनी स्वतः केलं. आयोडीनचा थेंब टाकला की केंद्रक पिवळसर तपकिरी उठून दिसतं. गालाच्या पेशींना मेथिलीन ब्लू लागतं, ते माशांच्या दुकानात मिळतं. टूथपिक मात्र ज्याची त्यालाच, आणि वापरली की लगेच कचऱ्यात.

या यंत्राचे पैसे खरे वसूल झाले ते हायड्रिला या पाणवनस्पतीमुळे. त्याच माशांच्या दुकानातून दहा रुपयांची जुडी आणली. पान दोनच पेशींच्या थराचं, कापायची गरजच नाही. थोडा वेळ उजेडात ठेवलं, ४०० पटीला लावलं. आधी हिरवे दाणे स्तब्ध. जरा धीर धरला, तर एक दाणा भिंतीच्या कडेने सरकला, मागून दुसरा, आणि मग सगळी रांगच पेशीला गोल फेरी मारायला लागली. "मॅडम, हे तर फिरून राहिले!" फिरवतं ते पेशीद्रव्य, हरितलवकं, म्हणजे ते हिरवे दाणे, त्याच्यासोबत वाहतात. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या खोल्या. माझ्या मुलांनी भरलेली, चालती खोली पाहिली. त्या दिवसापासून चपट्या पेशीचा प्रश्न कोणी विचारला नाही.

फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री आली, तेव्हा एकजण फोडीतली रसाची बारीक पिशवी घेऊन आला. त्याला वाटायचं, ही एक मोठी पेशीच. तिचं पातळ आवरण भिंगाखाली ठेवलं, तर तेच कितीतरी पेशींचं बनलेलं निघालं. नागपूरच्या पोराला हे संत्र्यातूनच कळावं, याचा मला फार आनंद झाला.

आता उणिवा. पावसाळ्यात ढग आले की ४०० पटीला अंधारून येतं, टेबल लॅम्प लावावाच लागतो. आरशाची खोलगट बाजू वर ठेवा. उन्हाळ्यात सावलीच्या खिडकीशी बसवा. आरशात थेट ऊन कधीच घेऊ नका, डोळ्याला इजा होते. पेशीतले आणखी बारीक भाग बघायचे तर तंतुकणिका मुलं हटकून मागतात, त्या यात ओळखू येत नाहीत आणि रायबोसोम तर प्रकाशाच्या कुठल्याच साध्या मायक्रोस्कोपला दिसायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. दिव्याचं मॉडेल साडेपाच हजारांना होतं. रोज संध्याकाळी शिकवत असाल तर तेच घ्या.

४० पटीचं भिंग स्लाइडच्या फार जवळ येतं. मोठा स्क्रू त्यावर फिरवला की कव्हर स्लिप, म्हणजे स्लाइडवरची पातळ काच, फुटते; माझ्या पहिल्या महिन्यात अकरा फुटल्या. मुलांना फक्त बारीक स्क्रूला हात लावू द्या, आणि कव्हर स्लिपच्या डब्या दोन घ्या.